खडू ज्याच्या हातात

"जरा झोपून दाखवा."

गिऱ्हाइकाच्या घरात पाऊल टाकून पाणी प्यायलं, की आमच्या मेस्त्रींचं हे पहिलं वाक्य. टेप खिशातच असायची, हातात फक्त खडू. समोरचे गृहस्थ कधी बँकेतले साहेब असत, कधी शाळेचे मुख्याध्यापक. ते इस्त्रीची पँट सावरत माझ्याकडे बघायचे, जणू मी त्यांना यातून सोडवणार होते. मी वहीत डोकं खुपसायचे. मेस्त्री शांतपणे पुन्हा म्हणायचे, "रात्री जिथं झोपता तिथं. आणि झोपता तसंच."

मग साहेब फरशीवर आडवे व्हायचे. त्यांच्या मागून बायको, ओढणी सारखी करत. मुलं तर धावतच यायची. मेस्त्री गुडघ्यावर बसून एकेकाभोवती रेघ ओढत जायचे. सगळे उठून कपडे झटकत बाजूला झाले, की जमिनीवर त्यांचंच कुटुंब काढलेलं दिसायचं. त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून माणसं कडेकडेने चालू लागतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं.

मी बोरिवलीतल्या एका फर्निचरच्या दुकानात नकाशे काढते. आमचा माल छोट्या घरांसाठीचा. सकाळी भिंतीला उभा राहणारा पलंग, कपाटाच्या दारातून खाली येणारं जेवणाचं टेबल, पायऱ्यांच्या पोटातले खण. ऐकायला गंमत वाटते. पण दिवसाला तीन घरं बघायची, प्रत्येक घरात एका खोलीत पाच माणसं, आणि प्रत्येकाचं म्हणणं तेच, "मॅडम, थोडी जागा काढून द्या ना." सोळा वर्षं हे ऐकून मी थकले आहे. तुम्हीही अशाच घरात राहत असाल, तेव्हा जास्त सांगत नाही.

मेस्त्री मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे मात्र लहानपणापासून सुताराच्या रंध्यावर. गिऱ्हाइकाशी मुंबईचं मराठी बोलायचे आणि माझ्याशी मालवणी. मी एकदा विचारलं, माणसांना असं जमिनीवर लोळवायची काय गरज? सरळ उंची विचारावी.

"बाय, उभो माणूस वेगळो, निजलेलो वेगळो," ते म्हणाले. "उंची इचारून पलंग करशीत तर फसशीत."

आणि खरंच, माणूस झोपला की कळायचं. कोण हात पसरतो, कोण भिंतीला चिकटतो, कुणाला दाराकडे पाठ करून झोप येत नाही. मुलुंडला एका घरी नवरा-बायको आडवे झाले ते खोलीच्या दोन टोकांना. मेस्त्रींनी एक शब्द न विचारता दोन वेगळ्या फळ्यांचा पलंग केला, मधे अशी कडी ठेवली की पुढेमागे जोडता यावा. तो जोडला की नाही, मला माहीत नाही.

त्याच मुलुंडच्या घरात एक आजी होत्या. सगळे उठल्यावर त्या ओट्याजवळच्या कोपऱ्यात झोपल्या, गुडघे पोटाशी घेऊन, मुटकुळं करून. सून म्हणाली, "आईंना एवढी जागा पुरते." मेस्त्रींनी रेघ ओढली नाही. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "आई, पाय सोडा. मी थांबतो." आजी म्हणाल्या, "सवय नाही रे." हे तरीही बसून राहिले. मी घड्याळ बघत होते, पुढचं घर कांदिवलीला होतं. शेवटी आजींनी हळूहळू पाय लांब केले आणि मग खडू फिरला. पुरी लांबी, आणि वर चार बोटं. ती चार बोटं ते प्रत्येकाला जास्त द्यायचे. मी नकाशात ती कापायला गेले की चिडायचे.

तसा माणूस विनोदी होता. एका गृहस्थांना एकाच कपाटातून पलंग, टेबल, देवघर, इस्त्रीची फळी आणि व्यायामाची दांडी काढून हवी होती. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या खणात राहणार?" दुसरीकडे पलंग पाडला की पाय देव्हाऱ्याकडे जात होते. फिरवला तर डोकं उत्तरेला. घरातल्या बाई रडकुंडीला आल्या. मेस्त्री पाऊण तास बसून राहिले आणि मग देव्हाऱ्यालाच बिजागऱ्या लावून दिल्या. रात्री तो दारासारखा वळून स्वयंपाकघराच्या बाजूला तोंड करायचा. "देवाक पण एका जाग्यावर बसून कंटाळो येता," असं मला जाताना म्हणाले.

आणखी एक खोड. काम घेण्याआधी ते इमारतीच्या लिफ्टचं माप घ्यायचे. कपाट कितीही झकास करा, लिफ्टमध्ये मावलं नाही तर ते खालीच राहणार. लिफ्टची लांबी-रुंदी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असलीच पाहिजे, असा नियम होता.

एका रविवारी ते मला आपल्या घरी घेऊन गेले. कांदिवलीला मुलाने वन आरके, म्हणजे एकच खोली आणि ओटा, घेतला होता. मुलगा, सून, दोन नाती आणि काकी, म्हणजे मेस्त्रींची बायको. "आमच्या घराचो नकाशो पण रीतसर होऊ दे," असं म्हणत होते. नवा शर्ट घातला होता. घरच्यांनाही तेच वाक्य, "झोपून दाखवा." मुलगा हसत हसत म्हणाला, "बाबा, मी तुमचं गिऱ्हाईक आहे काय?" पण झोपला. सून लाजली, मग तीही झोपली. नातींनी तर तीन वेळा जागा बदलल्या. काकी सर्वांत शेवटी. मेस्त्रींनी पाच रेघा ओढल्या, मी पाच आकृत्या उतरवून घेतल्या.

त्या घरावर त्यांनी जीव ओतला. चार-पाच महिने प्रत्येक रविवार तिथेच. नातींसाठी रेल्वेच्या बर्थसारख्या दोन फळ्या, खालची उलटवली की अभ्यासाचं टेबल. मुलगा-सुनेचा पलंग भिंतीत. काकींचा दिवाण, त्याच्या पोटात तांदळाचे डबे. एक इंच मोकळा ठेवला नाही. काम पुरं झालं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं. सगळं उघडून सगळे आपापल्या जागी आडवे झाले. नाती टाळ्या वाजवत होत्या. मेस्त्री ओट्याला टेकून उभे होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

मी विचारलं, "मेस्त्री, आणि तुम्ही?"

टाळ्या थांबल्या. मुलगा कोपरावर रेलून उठला. मेस्त्रींनी खोलीभर नजर फिरवली, एकदा, दोनदा. मग मोठ्याने हसले. "वाट लागली! खडू माझ्याच हातात ना!"

आम्ही सगळे हसलो. पण मला घरी जाईपर्यंत लाज वाटत होती. ज्याच्या हातात खडू तो उभा राहणार, हे मी समजू शकते. पण नकाशा मी काढला होता. उतरवून घेताना मीही पाचच मोजले होते.

दुसऱ्याच दिवशी मी बसले आणि जागा शोधली. ओट्यापासून दारापर्यंतची भिंत, सव्वासहा फूट. तिथं दोन फूट रुंदीची एक फळी, वर बिजागरी, खाली दुमडणारे पाय. दिवसा भिंतीला चिकटून राहील. मी छापून तो कागद दुकानात त्यांच्या रंध्याच्या वर, भिंतीला टाचणीने लावला. मेस्त्रींनी चष्मा लावून बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, "झकास. माझा मागसून बघूया."

मागसून म्हणजे नंतर. मग कधी पाठोपाठ कामं आली, कधी नातींची परीक्षा. मी आठवण केली की तेच, "मागसून बघूया." पुढे त्या भिंतीशी वॉशिंग मशीन आलं. यात कुणाला दोष देऊ? सून सकाळी सातला घर सोडते, तिची पाठ दुखायची, दोन लहान मुलींचे कपडे. मशीन ठेवायला दुसरी जागाच नव्हती, आणि ती मेस्त्रींनीच दाखवली. मला हे कळलं तेव्हा मी खूप बोलले त्यांना. म्हणाले, "अगो बाय, मशीन काय पाय दुमडून बसता? माणूस दुमडता."

त्यानंतर ते कधीकधी दुकानातच झोपू लागले. शोरूममध्ये गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला एक पलंग होता, त्यावर. मालकांची ना नव्हती. सकाळी मी येण्याआधी ते तो भिंतीला उभा करून ठेवायचे, किमतीचं लेबल सरळ करून. दुकानातल्या कुणीच त्यावर कधी काही विचारलं नाही. उरलेल्या दिवशी घरी जायचे. घरी कुठे झोपता, असं मी एकदा विचारलं. "खंय पण," म्हणजे कुठेही, असं म्हणून त्यांनी रंधा सुरू केला. अलीकडे गुडघ्यावर बसायला त्रास व्हायचा. खडूची रेघ ओढून झाली की मला हात पुढे करायचे, उठवायला. त्यांचा हात हलका लागायचा, पण मी वही मिटून पुढच्या घराचा पत्ता बघायचे. मीच इतकी दमलेली असायचे.

गेल्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी, फळी कापताकापता त्यांच्या छातीत दुखू लागलं. आम्ही रिक्षात घालून नेलं. दोन दिवस दवाखान्यात होते, तिसऱ्या दिवशी गेले.

मालक आणि मी कांदिवलीला गेलो. मेस्त्रींना वर आणलंच नव्हतं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नव्हतं आणि जिन्याचं वळण अरुंद. खाली गेटजवळ, वॉचमनच्या खुर्चीशेजारी त्यांना ठेवलं होतं. माझ्या वहीत पहिल्या पानावर त्या लिफ्टचं माप होतं, त्यांनीच घेतलेलं. तिथूनच त्यांना नेलं.

पुरुष माणसं स्मशानातून परतली तेव्हा मी वर काकींजवळ बसले होते. गावाहून आलेले मेस्त्रींचे चुलतभाऊ दारात उभे राहून म्हणाले, "दिवो खंय ठेवायचो? तो खंय निजायचो?"

माणूस जातो तेव्हा तो जिथे झोपायचा त्या जागी दिवा लावायचा, दिवसकार्य होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. पणती तयार होती. मुलाने ती हातात घेतली आणि खोलीभर बघू लागला. भिंतीत त्याचा पलंग होता, शेजारी मुलींच्या फळ्या, खिडकीखाली आईचा दिवाण.

"तसं ठरलेलं नव्हतं," तो म्हणाला. "कुठेही झोपायचे." आणि हे बोलल्यावर, इतका वेळ कोरडा राहिलेला तो माणूस ढसाढसा रडू लागला. सून त्याच्या हातातली पणती धरायला धावली.

काकी उठल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी निजान दाखवतंय."

ओट्याच्या खाली डोकं करून त्या फरशीवर आडव्या झाल्या. कुशीवर, एक हात डोक्याखाली, गुडघे पोटाशी. "असे निजायचे," त्या म्हणाल्या. "पोरांका उठवायच्या आधी उठायचे."

माझ्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच, सोळा वर्षांची सवय. मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"काकी, पाय सोडा. मी थांबते."

त्यांनी पाय लांब करायला घेतले. टाचा मशीनच्या पत्र्याला लागल्या. त्यांनी पुन्हा जवळ घेतले. "इतकेच जातत," त्या म्हणाल्या.

मी डोक्यापासून रेघ ओढत आले. खांदा, पाठ, कंबर. मशीनपाशी पोचल्यावर थांबले नाही. ती रेघ त्या राखाडी पत्र्यावर चढवली आणि वरून वळवून पलीकडच्या बाजूने खाली आणली. मुलाने डोळे पुसून पणती डोक्याशी ठेवली.

मी ती मापूनच काढली होती, त्या न झालेल्या फळीएवढी. मेस्त्रींची पुरी लांबी, आणि वर चार बोटं.