वहिनीच्या चुलीतल्या फळ्या

हे मी घरात कोणाला बोललो नाही. बाहेर तर नाहीच. लिहायला मी उशिरा लागलो, आणि लागलो तेव्हाही इतर गोष्टींविषयीच लिहीत राहिलो—ही तेवढी टाळून. आज तुम्ही समोर बसला आहात असे समजून लिहितो. तुम्ही मला ओळखत नाही, एवढ्याच धीरावर.

आमचे घर तारापूरजवळ, चिकूच्या वाडीत. आई लवकर गेल्यामुळे थोरल्या भावाच्या बायकोने, वहिनीने, मला वाढवले. मी पालघरला रसायनशास्त्र शिकलो आणि ऐंशीच्या सुमारास कुंभवलीच्या बाजूला रंगांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत लागलो. कच्चा माल तिथे लाकडी खोक्यांतून येई. रिकामी खोकी मोडून त्यांच्या फळ्या कामगार सरपणाला घरी नेत. मीही सायकलला बांधून आणू लागलो. शिकलेला दीर घरासाठी सरपण वाहून आणतो, याचे वहिनीला केवढे कौतुक! त्या फळ्यांवर पिवळे-निळे डाग असत, आणि चुलीत त्यांचा जाळ कधीकधी हिरवा होई.

"भावजी, तुमची फॅक्टरी होळीतच रंगपंचमी उरकते," ती म्हणे. मी हसत असे.

मला ठाऊक नव्हते का? कारखान्यात त्याच फळ्या हलवताना आम्ही नाकातोंडाला रुमाल बांधत असू. मग घरी—घरी रुमाल कोणी बांधायचा होता?

वहिनीचा खोकला एका हिवाळ्यात सुरू झाला आणि उन्हे तापली तरी हटला नाही. सकाळी कफ, चार पावले चालली की धाप. बोईसरच्या डॉक्टरांनी छाती तपासली. ब्राँकायटिस म्हणाले, श्वासनळ्यांना आलेली सूज. औषध लिहून दिले. वाफ घ्या, कोमट पाणी पीत जा, धुरापासून दूर राहा. आणि मग विचारले, "चुलीत काय जाळता?"

वहिनीने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांना उत्तर शिकलेल्याने द्यावे, अशी तिची समजूत. आणि मी—चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो मी—चटकन म्हणालो, "सुरूची लाकडं."

का म्हणालो? रसायनशास्त्राचा पदवीधर असूनही हे सरपण मीच आणतो, एवढे एक वाक्य मला त्या खोलीत उच्चारवेना. बस. इतकी लहान लाज होती ती.

डॉक्टरांनी मान हलवली. मग दमट हवेचा दोष असेल, म्हणाले. पहाटे वाडीत जाणे बंद, समुद्राकडे फिरकणे बंद. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "लाकूड तं लाकूडच, नाय का भावजी?"

मी हो म्हणालो.

तिने सारे पाळले. चिकू उतरवताना झाडाखाली उभी राहून गड्यांना दटावणारी ती दाराआड बसू लागली. किनाऱ्यालगतच्या माहेरी जाणे सुटले. आणि मी? फळ्या एकाएकी आणेनासा झालो असतो तर कारण सांगावे लागले असते. म्हणून आणत राहिलो. अडुळशाचा काढा मीच करी. वाफेचे पातेलेही मीच चुलीवर ठेवी—त्याच फळ्यांवर, आणि दमट हवा नको म्हणून दारे-खिडक्या लावून. मग तिच्या डोक्यावर टॉवेल टाकून सांगे, खोल श्वास घे.

ती घेई.

पुढे गॅस आला, फळ्या थांबल्या. खोकला थांबला नाही. दर हिवाळ्याला तो छातीत आणखी खाली उतरत गेला. शेवटी शेवटी उशांना टेकून बसल्याखेरीज तिला डोळा लागत नसे. तेव्हा तरी सांगता आले असते—तिला नाही, तर निदान डॉक्टरांना. नाही सांगितले.

ती गेल्यावर भेटायला आलेल्यांना दादा सांगत होता, "ह्यानं तिचं केलं तेवढं पोटच्या पोरानं नसतं केलं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला, आणि मी तो वाटू दिला.