बाई का बाप्या?

बीडच्या स्कॅन सेंटरला मी रिक्षातून किती पेशंट नेले असतील, पण तिथल्या मशीनवाल्याचं नाव कधी विचारलं नाही. पिकलेली मिशी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. समोर नऊवारीतली म्हातारी उभी असली तरी हा विचारणारच, "बाई का बाप्या?" लोक हसायचे. मला चीड यायची.

मग माझ्याच बायकोचा पाय सुजला, तिला दम लागायला लागला. फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल, म्हणून डॉक्टरांनी सीटी सांगितला. घाईघाईत मी फॉर्म भरला. घरातला प्रत्येक कागद माझ्या नावावर, तसाच हाही भरला गेला. माझं नाव, पुढं 'पुरुष'.

"बाई का बाप्या?"

"दिसत न्हाई का बे?" मी ओरडलो.

"मला दिसतंय की. फोटो बघणारा डॉक्टर लांब बसतो, त्यो आधी कागद बघतो. बाईच्या काळजाला बाप्याचं माप लावलं, तर फुगलेलं काळीजबी बरोबर वाटतं."

त्यानं फॉर्म खोडून नीट केला, वर त्या फोटो बघणाऱ्या डॉक्टरला फोनही लावला. गाठ होतीच, काळजाची उजवी बाजूही फुगलेली निघाली. तिला लगेच आयसीयूत घेतलं. आठ दिवसांनी ती आपल्या पायांनी चालत घरात आली.

परवा तपासणीला पुन्हा गेलो. त्यानं चष्मा चढवला, पेन उचललं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बाई हाय. आन् नाव माझंच लिवा."