दोन नखं राहिली होती

फोन आला तेव्हा मी पार्लरच्या काउंटरवर पुढच्या आठवड्याच्या वेळा लिहीत होते. वर्सोव्याहून माझे थोरले दीर बोलत होते. "हिरू गेली," एवढंच म्हणाले, मग नुसती खरखर. हिरू म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. आम्ही तिला हिरूवयनी म्हणायचो. रिसीव्हर ठेवताना माझी नजर माझ्याच उजव्या अंगठ्याच्या नखावर गेली... ती तिथेच का गेली, हे सांगायला आज दीड महिन्याने लिहायला बसलेय. बोलायला मला नेहमीच उशीर होतो.

अंधेरीच्या या पार्लरमध्ये वयनीला मीच आणलं होतं. मी अकरावी झालेली, म्हणून मला काउंटर. नखं करणारी मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा मी मॅडमना म्हटलं, माझी जाऊ आहे, हात बघा तिचा. वयनी चौथी शिकलेली. पण कोलंबी साफ करण्यात आमच्या कोळीवाड्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. पाठीवर सुरीचं टोक टेकवायची आणि आतला काळा दोरा अखंड ओढून काढायची, मांसाला धक्का न लावता. तीच बोटं नखांकडे वळली आणि तीन महिन्यांत बायका वयनीची वेळ मागून घ्यायला लागल्या. कोमट साबणपाण्यात बोटं भिजली की नखाच्या मुळाशी चढलेली कातडी ती हळूच मागे सारायची, कापायची कधीच नाही. त्यासाठी पार्लरमधली काडी तिला चालत नसे. माडाच्या झावळीचा हीर तासून, टोक गोल करून तिने स्वतःची काडी केली होती. मी एकदा विचारलं, सगळीकडे कापतात, तू का नाही? "ती कातडी म्हणजे नखाचं दार हाय गो. दारच कापलंस तर आत कोनपन शिरंल." कुणी गिऱ्हाईक घरी नखांवर कानस मागेपुढे घासतं असं कळलं, तर त्या बाईलाही सोडायची नाही. "एका बाजूनंच फिरवा बाई, ते काय लाकूड हाय?"

तेव्हा गल्फहून येणाऱ्या पाकिटांतून खोटी नखं मिळू लागली होती. लग्न, साखरपुडा, फोटो असला की मुली ती लावायला यायच्या. वयनी आधी खरं नख कोरडंठाक करायची, त्यावर कानस अगदी हलकी फिरवायची, मग खोटं नख मुळापासून टोकाकडे दाबत बसवायची. आत हवा राहू द्यायची नाही, कारण तिथेच पाणी शिरतं आणि खालचं नख हिरवं पडतं. काढताना घाई करणाऱ्या मुलींना ती दटावायची, "वढून काढशील तर तुझंपन संगती जाईल. भिजव आनि गप बस." गर्दीच्या दिवशी नख चिकटेपर्यंत दाबून धरायला मी काउंटर सोडून तिच्या शेजारी बसायचे.

आम्हा दोघींसाठी तिचा एकच नियम होता. सोमवारी, सुट्टीच्या दिवशीच, कोलंबीला हात लावायचा. एरवी घरची कोलंबी सासूबाई बघायच्या. "बाकी मासळीचा वास धुतला की जातो," वयनी म्हणायची, "कोलंबी नखाखाली बिऱ्हाड करते."

ज्यासाठी हे लिहायला बसलेय, तो दिवस शुक्रवार होता. माझा भाऊ जेवायला यायचा होता. वयनी सकाळीच पार्लरला गेली होती आणि मी उशिरा निघणार होते. भावासाठी चांगली वाटीभर कोलंबी मीच सोलली. लिंबू चोळलं, साबण लावला, निघाले. दुपारी एक मुलगी आली. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता आणि दातांनी कुरतडून तिची नखं पार मुळापर्यंत गेली होती. आठ नखं लावून झाली. मी तिची करंगळी दाबून धरली होती, तेवढ्यात तिने नाक मुरडलं. "मासळीचा वास येतोय."

मॅडमनी वयनीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मी साडी नीट नेसायची, पदर खोचायची नाही, आणि माझी भाषा पार्लरची झाली होती. वयनीने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कोपऱ्यात गुलाबी सालाचा एक धागा अडकला होता. मी अंगठा मुठीत घेतला.

"माझंच हात, मॅडम," वयनी म्हणाली. "आमी कोळनी."

उद्यापासून येऊ नकोस, असं मॅडम म्हणाल्या. वयनी उठली नाही. "दोन नखं राह्यली. ती लावून जाते." आणि तिने ती दोन नखं इतक्या शांतपणे बसवली की त्या मुलीलाही हात मागे घेता आला नाही. एवढ्या ताठ मानेने कुणाला काम संपवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

संध्याकाळी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. तिने माझी मूठ उघडली, केसातला आकडा काढून नखातला तो धागा कोरला आणि खिडकीबाहेर टाकला. घरी सासूबाईंनी वयनीचं काम का गेलं विचारलं तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं, गिऱ्हाइकांची तक्रार होती वयनीबद्दल. वयनी चहा ठेवत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढे तिने घराच्या ओट्यावर एक स्टूल आणि कोमट पाण्याचं पातेलं मांडलं. यारी रोडच्या बिल्डिंगमधल्या बायका सुकत घातलेल्या बोंबलांमधून नाकाला रुमाल लावून यायच्या. महिनाभरात रुमाल गेले. एके दिवशी ती साखरपुड्याची मुलगीही आली. दुसरीकडे लावलेली नखं ओढून काढली होती, खालची हिरवट, पापुद्रे सुटलेली. वयनीने सहा महिने तिला काही लावू दिलं नाही. खोबरेल, कानस आणि धीर, एवढंच. खरी नखं आली त्या दिवशी मी ओट्यावरच होते. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी मी उगाच बोलले हो." वयनी हसली, "वास व्हता तर बोललीस. खोटं थोडीच बोललीस?" माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मला तोंड उघडायला एवढी मोकळी जागा तिने करून दिली होती आणि मी आत जाऊन पाणी प्यायले.

ती गेली त्या दिवशी तिला शेवटची आंघोळ घालताना मी म्हटलं, हात मी करते. नखं बघितली. सगळी एका मापाची, कोपरे गोल, मुळं स्वच्छ. कानस फिरवायला कुठे जागाच नव्हती.

बाराव्याला बायका पांगल्यावर मी सासूबाईंपुढे बसले आणि त्या शुक्रवारचं सगळं सांगितलं. त्या भांडी पुसत होत्या. पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ती कोलंबी आमी सगल्यांनी खाल्ली गो. कोनी सोलली ते मला ठाव नसंल व्हय? हिरूनं बोलू दिलं नाय. म्हनाली, ती सांगंल तिच्या तोंडानं, तोवर तिचं काम राहू दे."

नंतर त्यांनी फडताळातून माडाच्या हिराची ती काडी काढून माझ्या हातात दिली. वयनीच्या अंगठ्याने तिला मधोमध खळगा पडलाय. पार्लरमध्ये मॅडमना सगळं सांगून झाल्यावर मी ती काडी वयनीच्या जुन्या टेबलावर ठेवली. नवीन आलेल्या मुलीने विचारलं, ही कुणाची?

"माझ्या जावेची," मी म्हटलं. "वर्सोव्याची कोळीण होती. या पार्लरमध्ये तिच्यासारखा हात पुन्हा आला नाही."