पाठ न टेकलेली कुस्ती

आमच्या भागात बाया कुस्ती बघायला जात नाहीत. जत्रेत बांगड्या भरतात, पाळण्यात बसतात, पण आखाड्याच्या बाजूला फिरकत नाहीत. माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाला कित्येक वर्षं दूध, तूप आणि बदाम पुरवले, त्याचे मातीने माखलेले कपडे धुतले, पण त्याला लढताना एकदाही पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर, वाटूरच्या आमच्या घरात बसून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जालन्यात एका दैनिकात उपसंपादक होते आणि सुट्टीच्या दिवशी गावी यायचे. गावात केबल आली होती आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त पाहिली जायची ती अमेरिकेतली कुस्ती. दोऱ्या बांधलेल्या चौकोनात उघडे पैलवान एकमेकांच्या पाठीत खुर्च्या घालायचे आणि आठवड्याआठवड्याला माइक घेऊन एकमेकांना शिव्या द्यायचे. मोठी लढत असली की फाट्यावरच्या हॉटेलांत उभं राहायला जागा नसायची. जुने वस्ताद तिला नूरा कुस्ती म्हणायचे, म्हणजे हार-जीत आधी ठरवून खेळलेली. तरुणांनाही ते ठाऊक होतं. त्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

केबलवाला हुशार माणूस होता. अमेरिकेत अशी मोठी लढत घरात बसून बघायलाही वेगळे पैसे भरावे लागतात, हे त्याला कुठून तरी कळलं. ते त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने ठरवलं की वाटूरच्या बाजाराच्या मैदानात तशीच लढत लावायची, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचा कॅमेरा उभा करायचा आणि ज्यांनी वेगळे पैसे भरलेत त्यांच्याच घरी ती तेव्हाच्या तेव्हा दाखवायची. बाकीच्यांच्या वायरी तो त्या दिवसापुरत्या खांबावरून सोडवणार होता. पुढे त्याने तेही केलं.

पैलवान शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. माझा भाऊ आणि तीर्थपुरीकडचा एक पैलवान जत्राजत्रांत समोरासमोर येत आणि दर वेळी कुस्ती बरोबरीत सोडावी लागे. दोन्हीकडची माणसं त्यावरून एकमेकांना फाट्यावर गाठत. केबलवाल्याने दोघांना वेगवेगळं कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि ते बोलणं पंधरा दिवस आमच्या गावात आणि तीर्थपुरीच्या केबलवर दाखवलं.

तीर्थपुरीचा म्हणाला होता, "वाटूरच्या पैलवानाला गादीवर झोपायची सवय हाय. म्या त्याला गादीवरच झोपवतो, उशी त्यानं आणावी."

भावाचं उत्तर होतं, "पोळ्याला ह्यांच्या गावात बैल कमी पडले, तवापासून ह्यालाच झूल घालून मिरवून राह्यलेत."

गावात ही वाक्यं पोरासोरांच्या तोंडी झाली. दोन्ही गावच्या टोळक्यांनी मैदानात काठ्या आणायच्या, असंही कानावर आलं. मला भीती वाटायला लागली ती तिथून.

भावाने मला खरं काय ते सांगितलं. लढत ठरवलेली होती आणि तो हरणार होता. गावचा माणूस हरला की पुढच्या लढतीला लोक दुप्पट येतील, असा केबलवाल्याचा हिशेब होता. हरायचं तर कबूल का झालास, असं मी विचारलं. तो म्हणाला की मायला एकदा आपल्याला लढताना बघायला मिळेल, आणि खऱ्या कुस्तीत ते कधीच जमणार नाही. आईला मात्र काही सांगायचं नव्हतं. तिला कळलं असतं तर तिने त्याला घराबाहेर पडू दिलं नसतं.

तालीम आमच्या शेतातल्या खोलीत चालायची. वेचणी झाली होती आणि खोली अर्धी कापसाने भरली होती. तीर्थपुरीचा पैलवान आडवाटेने सायकलवर यायचा, कारण दोघांना एकत्र पाहिलं असतं तर सगळंच संपलं असतं. आल्या आल्या दोघं एका ताटात भाकरी खात. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ते शेवटचा डाव बसवत होते. त्याने भावाला डोक्यावर उचलायचं, पाठीवर आपटायचं आणि वर पडून तीन मोजू द्यायचं, एवढाच तो डाव होता.

तो उचलत होता आणि भाऊ प्रत्येक वेळी हवेत अंग वळवत होता. कधी खांद्यावर पडे. कधी डोकं आणि टाचा टेकून पाठीची कमान करी. पाठ काही टेकेना. कुस्तीत पाठ मातीला लागली की पैलवान हरला. लहानपणापासून त्याला एवढंच शिकवलेलं होतं, की काहीही झालं तरी पाठ लागू द्यायची नाही.

"अरे बाबा, पाठीवर पड ना," तीर्थपुरीचा वैतागून म्हणाला. "टीव्हीवाले बघ कसे चादर झटकल्यासारखे पडतेत."

"पडतो म्हणून राह्यलो की," भाऊ कापूस झटकत म्हणाला. "पण अंग ऐकत न्हाई."

दोघं हसले. कापसात कुणाला काही लागत नव्हतं. मग त्यांनी मला त्यांची खूण दाखवली. पडल्यावर वरच्याने खालच्याचं मनगट दाबायचं. खालच्याने उलट दाबलं तर ठीक. नाही दाबलं तर खेळ तिथेच थांबवायचा. मी डबा ठेवला आणि परत निघाले. रस्ताभर मला ती वळणारी पाठ दिसत राहिली.

लढत दिवसाउजेडी होती. आमच्या बैठकीत गल्लीतल्या बाया दाटीने बसल्या होत्या. पडद्यावर मैदान दिसत होतं. दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या एकमेकींना लावून त्यांवर फळ्या, फळ्यांवर मंडपवाल्याच्या गाद्या आणि वर ताडपत्री. चार कोपऱ्यांना बांबू, बांबूंना बांधलेला जाड दोराचा नाडा. गाद्या पातळ आहेत, हे कॅमेऱ्यातही कळत होतं. पैलवान चालले की फळ्या वाजत होत्या.

पहिली थप्पड बसली तेव्हा आईने माझा दंड इतका घट्ट धरला की मी तिच्या कानाशी वाकले आणि सगळं ठरवलेलं असल्याचं सांगून टाकलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मंग त्याला लागत न्हाई?"

"न्हाई, माय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि सैल होऊन बसली. मंडपाची पत्र्याची खुर्ची भावाच्या पाठीत बसली तेव्हा बायांनी तोंडावर हात नेले. आई एकटी हसत होती. शेजारची काकू तिला म्हणाली, काय काळजाची बाई आहेस. मला तेव्हा बरं वाटलं.

मग तीर्थपुरीच्याने भावाला उचललं. केबलवाला माइकवर ओरडत होता, आता वाटूरला आस्मान दिसणार. भाऊ आडवा, हात पसरलेला, क्षणभर मैदानावरच्या सगळ्यांच्या वर होता. तो खाली येताना मला त्याचा डावा खांदा वळताना दिसला. कापसात वळायचा तसाच. पण इथे वळण पुरं व्हायला जागा नव्हती. तो डोक्यावर आणि मानेवर पडला. फळ्यांचा आवाज झाला. त्याचे पाय सावकाश एका बाजूला कलले.

"बघ कसं सोंग घेतंय," आई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. तळवा वर होता, बोटं अर्धी उघडी. तीर्थपुरीचा त्याच्यावर वाकला आणि त्याने मनगट धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. मग पलीकडे जाऊन दुसरं मनगट धरलं. माइकवर केबलवाला लोकांना विचारत होता, उठणार का न्हाई उठणार. मैदानात शिट्ट्या वाजत होत्या. तीर्थपुरीच्याने मान वर करून पंचाला काहीतरी म्हटलं, पण गोंगाटात ऐकू आलं नाही. पंचाला वाटलं हेही खेळातलंच आहे. तो ताडपत्रीवर हात आपटून मोजायला लागला. कुणीतरी दोरीतून आत उडी मारली, कॅमेरा हलला आणि पडदा पांढरा झाला.

"जाहिरात लागंल आता," काकू म्हणाली.

मी चप्पल न घालता निघाले. मागे आईचा आवाज आला, ती मला हाक मारत होती. मी थांबले नाही, म्हणून तीही निघाली. बाजाराच्या मैदानापर्यंत आम्ही दोघी पळत गेलो. वाटेत वायर सोडवलेल्या घरांतली माणसं ओट्यावर उभी राहून विचारत होती, कोण जिंकलं.

मैदानात शिरताना गर्दी बाजूला झाली. बाया येताना पाहून माणसं गोंधळली होती. ट्रॉलीवर भाऊ तसाच पडलेला होता. तीर्थपुरीचा त्याच्या डोक्यामागे गुडघ्यांवर बसला होता आणि त्याने भावाचं डोकं दोन्ही मांड्यांत घट्ट धरलं होतं. भोवती आमच्या गावची पोरं काठ्या घेऊन उभी होती. एकाने काठी उगारली. तीर्थपुरीच्याने ती चुकवली नाही, हातही वर केला नाही.

"मला मंग मारा," तो म्हणाला. "आता मी सोडलं तर ह्याची मान हालंल."

काठी खाली आली, पण त्याच्यावर नाही. मी ट्रॉलीवर चढले. भावाचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे वळले. श्वास चालू होता. आई खालून ट्रॉलीची कड धरून उभी होती. तिने मला विचारलेलं वाक्य मी नंतर कधी तिच्यासमोर काढलं नाही, तिनेही काढलं नाही.

"हे बी ठरलेलं हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले.

केबलवाल्याने आपल्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उखडून आणलं. तीर्थपुरीचा सांगेल तसं आम्ही भावाला त्या दारावर सरकवलं आणि दार जीपमध्ये घातलं. जालन्याचा रस्ता तेव्हा वाईट होता. प्रत्येक खड्ड्याआधी तीर्थपुरीचा चालकाला सांगायचा, हळू, आणि आपल्या मांड्या अधिक आवळायचा. त्याचे पाय थरथरत होते. आई पायांशी बसली होती. ती भावाच्या तळव्यांवर हात घासत होती आणि त्याला कळतंय का, असं एकसारखं विचारत होती. त्याला कळत नव्हतं. हात कुठे आहेत तेही कळत नाही, असं तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे अधिकच भीती वाटली.

थोड्या वेळाने त्याने वर बघत विचारलं, "पाठ लागली का रे?"

तीर्थपुरीच्याने मांड्यांतलं डोकं सावरलं. ठरल्याप्रमाणे तो जिंकला होता. पंचाने तीन मोजलेही होते.

"न्हाई लागली," तो म्हणाला. "बिलकुल न्हाई."

जालन्याहून आम्हाला औरंगाबादला पाठवलं. मानेचं एक हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी कवटीला वजन लावलं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि उताणं पडून राहायचं, हलायचं नाही, असं सांगितलं. हातापायांत पुन्हा जीव येईल की नाही हे ते सांगू शकत नव्हते. मी विचारलं तेव्हा त्यांनी तसं स्पष्टच सांगितलं. बातमीत आम्ही अशा वेळी "प्रकृती चिंताजनक" लिहितो. त्या शब्दांचा अर्थ मला त्या वॉर्डात कळला. सकाळी डोळा उघडला की आधी वाळूच्या पिशव्या जागेवर आहेत का ते बघायचे आणि मग आपण कुठे आहोत ते आठवायचं.

गावात निम्म्या लोकांचा विश्वास बसत नव्हता. हे पुढच्या लढतीसाठी चाललंय, दवाखानाही ठरवलेलाच आहे, असं फाट्यावर बोललं जाई. एक जण तर वॉर्डात येऊन भावाचे पाय बघून गेला.

तीर्थपुरीचा बाजारचा दिवस सोडून रोज यायचा. आला की स्टुलावर बसायचा, भावाचं मनगट धरायचा आणि दाबायचा. मग वाट बघायचा. ही खूण आईला ठाऊक नव्हती. तिने एकदा विचारलं, तेव्हा त्याने सांगितली. त्या दिवसापासून तीही मनगट धरून बसायला लागली. भाऊ जागा असला की ती जुनी जुनी विचारपूस करायची, म्हशीची, विहिरीची, आणि बोलता बोलता दाबायची. त्याने डोळे मिटले की तिचा चेहरा वेगळा व्हायचा.

एका सकाळी मी चहा घेऊन आले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नको," ती म्हणाली. "आत्ता दाबलं त्यानं."

मला ते खरं वाटलं नाही. इतके दिवस झोप नसलेल्या माणसाला काहीही जाणवू शकतं. मी चहा खाली ठेवला आणि तिच्या जागी बसले. भावाचं मनगट थंड होतं आणि पूर्वीच्या मानाने फार बारीक झालं होतं. मी दाबलं. तो छताकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता, त्याचे ओठ आवळले गेले होते. काहीच झालं नाही. मी पुन्हा दाबलं आणि हात तिथेच ठेवला.

मग त्याच्या दोन बोटांनी माझं मनगट धरलं. पकड लहान मुलाएवढी होती. आई मागे उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी मान हलवून हो म्हटलं.