लायसन्सवर गोळ्यांचा आकडाच नाही

मंडळी, मी अजून धक्क्यातच आहे.

इकडे परदेशात बंदुकीचं लायसन्स हातात आलं, म्हणून आज पापाकुरा उपनगरातल्या बंदुकांच्या दुकानात रायफलच्या गोळ्या घ्यायला गेले. काउंटरवरच्या आजोबांनी लायसन्स तपासलं आणि विचारलं, "किती देऊ?"

"माझी लिमिट किती आहे?"

"लिमिट कसली? तुला किती हव्यात ते सांग."

पुण्यात स्पर्धांसाठी नेमबाजी करायचे, तेव्हा वर्षभराच्या गोळ्यांचा आकडा लायसन्सवरच असायचा. त्या गोळ्या स्पर्धेला पुराव्यात म्हणून घरी रिकाम्या रायफलचा चाप ओढत सराव करायचे.

आज पन्नासच मागितल्या. रेंजवर दहा झाडल्या आणि उरलेल्या स्पर्धेसाठी जपून ठेवल्या.

अजून कुठल्याच स्पर्धेत नाव दिलेलं नाही. तुमचंही असं होतं, की मीच एकटी?