आवरायचं नाही, असा हुकूम

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या एका कॉलेजात मी सहायक ग्रंथपाल होतो. आमचे शिपाई म्हणजे लष्करातून निवृत्त झालेले हवालदार. आवाज असा, की ते इथं खोकले तर तिकडं शिरवळला एसटी थांबायची. मी सांगलीचा, त्यामुळे साताऱ्याचं कौतुक जरा कमी करूनच सांगतोय.

एक दिवस प्राचार्यांनी मला बोलावलं.

"घरी नेलेल्या पुस्तकांची नोंद तुमच्या रजिस्टरात दिसते. वाचनकक्षात बसून कोण वाचतं, त्याची कुठाय? ती खोली परीक्षा विभागाला हवीय. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला."

मेढ्याकडच्या डोंगरी गावांतून आलेली पोरं भाड्याच्या एकेका खोलीत आठ-आठ जण राहायची. एकानं कूस बदलली की शेवटचा दाराबाहेर! वाचायला त्यांना ही एवढीच जागा.

"सर, आठवडाभर द्या. मोजून दाखवतो."

युक्ती साधी होती. पोरं कपाटातून पुस्तक घ्यायची आणि वाचून परत ठेवायची. मी पाटी लावली : 'वाचून झालेले पुस्तक टेबलावरच ठेवावे.' संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं मोजली की कक्षाचा वापर कळणार.

सोमवारी दिवसभर मी शेजारच्या खोलीत पुस्तकं देत-घेत होतो. संध्याकाळी वही घेऊन कक्षात गेलो, तर टेबलं आरशासारखी लख्ख. शून्य! मंगळवारीही शून्य. बुधवारी बंद व्हायच्या वेळी प्राचार्य स्वतःच आले आणि रिकाम्या टेबलांकडे बघून नुसते "हं" म्हणाले. त्या 'हं'मध्ये मला गठ्ठे आत येताना दिसले.

मी हवालदारांना विचारलं, "आज पोरं आलीच नाहीत?"

"न्हाई कशी? बसाय जागा न्हवती!"

"मग पुस्तकं कुठायत?"

"जाग्यावर ठिवली की. आवं साहेब, मोठं साहेब बघाय येणार, आन टेबलावर पसारा? पोरांस्नी सांगून ठिवलं, पुस्तक टाकून जो उठंल त्यानं मैदानाला धा चकरा मारायच्या!"

प्राचार्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हवालदार, शनिवारपर्यंत एकाही पुस्तकाला हात लावायचा नाही. हा हुकूम समजा."

"व्हय साहेब!" हवालदारांनी सलाम ठोकला, पण चेहरा कोर्टमार्शल झाल्यासारखा.

पुढचे तीन दिवस तो माणूस दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसला. टेबलांवर पुस्तकांचे डोंगर झाले. शुक्रवारी एक जाडजूड नकाशांचं पुस्तक टेबलाच्या कडेला निम्मं लोंबकळत राहिलं. हवालदारांना दरदरून घाम.

"आवं, ते पडंल!"

"पडू द्या."

"गोळ्या सुटत हुत्या तवा असा घाम न्हवता आला मला!"

एका पोरानं डिवचलं, "उचला की हवालदार, कोण बघतंय?"

"तू बघतुयास न्हवं रं? गप वाच!"

शनिवारी मोजायला प्राचार्य आले. जरूर पडली तर आकडा फुगवायची माझी मनातून तयारी होती, खोटं कशाला बोलू? पण गरजच उरली नाही. मोजता मोजता ते दोनदा चुकले. मग ढिगातून त्यांनी एक इतिहासाचं पुस्तक उचललं. ते त्यांनीच हट्टानं मागवलेलं होतं. पानांचे कोपरे हाताळून काळे पडले होते.

"हे वाचतात?"

"वाचत्यात? त्याच्यावरनं भांडत्यात साहेब! दोगांची गचांडी धरून सोडवलंय मी," हवालदार म्हणाले.

प्राचार्यांनी पुस्तक हळूच खाली ठेवलं. "खोली राहू दे. पण अशी मोजणी दर सहामाहीला झाली पाहिजे."

मला नाचावंसं वाटलं. हवालदार मात्र मटकन स्टुलावर बसले.

मोजणी पुढं कधीच चुकली नाही. ती जवळ आली, की हवालदारांचा सहा दिवसांच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर यायचा. कारणाच्या रकान्यात ते खरं तेच लिहायचे : 'बघवत नाही.'

मी मंजूर करायचो.