आमची साईट कोण पाडते?

घरात पिशव्या कोणी मुद्दाम जमवत नाही. दारामागे एक अडकवली की तिच्यात दुसरी जाते, आणि एक दिवस दार पुरतं उघडत नाही. आमच्या साईटचे किस्से असेच जमले. "काकू, साईट कशी आहे?" म्हणून कोणी विचारलं की एकाच्या जागी चार बाहेर पडतात. म्हटलं, लिहूनच टाकावं.

साईट बायकांची आहे. नाव न सांगता यायचं, विचारायचं, जिला माहीत असेल तिने उत्तर द्यायचं. ब्लाउजची कटोरी कशी कापायची इथपासून, घराबाहेर काढलं तर कोर्टात काय सांगायचं इथपर्यंत. मी अमरावतीची, घरी डबे करते. नसीमआपा बाळापूरची, शिवणकाम करते. आणि अकोल्याचे देशपांडे सर. शाळेतून रिटायर झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि साईट त्यांनीच बनवली. आमच्यात पुरुष तेवढा एकच.

*

पहिल्यांदा साईट पडली तेव्हा सरांनी फोन करून सांगितलं, हल्ला झाला आहे. मी विचारलं, काय नेलं? काहीच नाही. फोडलं काय? तेही नाही. मग हल्ला कसला?

सरांनी शाळेत समजावतात तसं समजावलं. कोणीतरी हजारो खोटी माणसं एकदम आपल्या दारात आणून उभी केली. ती आत येत नाहीत, काही मागत नाहीत, पण खऱ्या बाईला शिरायला जागा राहत नाही.

मी म्हटलं, "सर, याले आमच्याकडे लग्नाची पंगत म्हणतात."

सर हसले नाहीत.

*

मग हे करून कोण राहिलं ते शोधायला आम्ही सरांकडे अकोल्याला जमलो. सरांनी यादी काढली, माणसं कुठून कुठून आली त्याची. पाहतो तर अर्धी दुनिया. ज्या देशांची नावं मी चौथीच्या पुस्तकातही वाचली नव्हती तेही आमच्या दारात. नसीमआपाने चष्मा लावून यादी वरून खाली वाचली आणि मला हळूच विचारलं, "बाई, एवढ्या लोकायशी आपलं भांडण कधी झालं व?"

सर म्हणाले, त्या लोकांना तर पत्ताच नाही. त्यांच्या घरातले कॅमेरे, इंटरनेटचे डबे कोणी दुसराच दुरून चालवतो. म्हणजे मारणाऱ्याला माहीत नाही की आपण मारलं, आणि ज्याला लागलं त्याला माहीत नाही की कोणी मारलं. त्या दिवशी माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर नाही.

*

एक दिवस मात्र सरांचा फोन आला, आजचा हल्ला वेगळा आहे. आज परदेशातलं कोणी नाही. सगळा मार अमरावतीतून, अकोल्यातून, थोडा बाळापुरातून.

मी म्हटलं, सापडला चोर. गावातलाच निघाला. सर, मोहल्ला सांगा, मी पायात चप्पल घालूनच बोलून राहिले.

आता आमच्याकडची रीत अशी. कोणाकडे वाईट झालं की फोनवर ऐकून भागत नाही, जाऊन पाहावंच लागते. ग्रुपवर एकीने लिहिलं, "साईट पडली" की सगळ्याजणी साईट उघडून पाहतात, खरंच पडली का. नाही उघडली की परत. मग शेजारणीच्या फोनवरून.

सर म्हणाले, "काकू, त्यातल्या चाळीस वेळा तर तुम्हीच आहात."

*

मग दारात राखण बसवायचं ठरलं. आधी सरांनी ते फोटोंचं लावलं, सिग्नल कुठे कुठे आहेत ते दाखवा. बायका वैतागल्या. सिग्नलचा नुसता खांब आला तर तो धरायचा की नाही, यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण. शेवटी मी म्हटलं, आपला प्रश्न टाका. भरताचं वांगं कशावर भाजतात? उत्तर पऱ्हाटी. कपाशीची वाळलेली झाडं. मशीनच्या बापाला जमणार नाही.

नाहीच जमलं. खोटी माणसं दारातच अडकली. पण आमच्या लेकी-सुनाही अडकल्या. सगळ्या लिहून राहिल्या, "गॅस". नसीमआपाची सून पुण्याची. तीनदा हाकलली गेली तेव्हा तिने सासूला फोन केला. लग्नाला चार वर्षं झाली, स्वयंपाकातलं काही विचारायला तिने केलेला हा पहिला फोन.

आपा सरांना म्हणाली, "सर, हा हल्ला अजून थोडे दिवस चालू राहू द्या."

*

पंधरा दिवस बरे गेले. मग एका बुधवारी जे सुरू झालं ते थांबेचना. सर म्हणाले, आता ते प्रश्नापर्यंत येतच नाहीत, त्याआधीच रस्ता जाम करतात. दिवसभर साईट बंद. उघडायला गेलं की एकच पान दिसे, "थोड्या वेळाने या."

आमच्याकडे एक बाई येते. जास्वंद नाव लावते, खरं आम्हाला माहीत नाही, आणि गाव जेवढं कळलं तेवढंही मी सांगत नाही. यायची ती दुपारी दोन ते चार. सासू झोपते तेवढा वेळ, सासूच्याच फोनवरून. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी तिने लेकीला घेऊन सोमवारी निघायचं ठरवलं होतं. आमच्यातली एक वकीलबाई तिला सगळं सांगत होती. मंगळवारी तिने विचारलं, "लेकीचा जन्मदाखला त्याच्या कपाटात आहे, त्याच्याशिवाय निघू का?" वकीलबाईने रात्री उत्तर लिहिलं. बुधवारपासून साईट बंद.

तिचा नंबर नाही, पत्ता नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला.

सर म्हणाले, एक उपाय आहे. ज्या नाव-नंबर नोंदवतील तेवढ्यांनाच आत घेऊ, बाकी सगळ्यांना बंद.

मी म्हटलं, "तिलेच बाहेर ठेवाचं असंन तर साईट ठेवता कायले?"

शनिवारी मी सरांना म्हटलं, ते "थोड्या वेळाने या" काढा आणि त्या पानावर मी सांगते ते लिहा. सरांनी सुरुवातीला "कृपया" घातलं. मी काढायला लावलं. लिहिलं ते असं:

"तू जो कोणी असशील. आमच्याकडे नेण्यासारखं काही नाही. पण दुपारी दोन ते चार आमची एक बाई इथे येते. तिले दुसरं दार नाही. तेवढा वेळ सोड. बाकी दिवसभर पाड, आम्ही काही म्हणत नाही."

सर म्हणाले, "काकू, अहो, असं विचारून कोणी थांबतं का? आणि त्याला मराठी येतं हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मला कोणीच काही सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळभर साईट बंद होती. दोन वाजता उघडली. आधी वाटलं माझाच फोन बिघडला. ग्रुपवर मी दम दिला, खबरदार, कोणी पाहायला गेली तर. सव्वादोनला जास्वंद आली. वकीलबाईचं उत्तर तिथेच होतं: "दाखल्यासाठी थांबू नको. दुसरा काढता येतो. लेकीला घे आणि निघ." मग तिने लिहिलं, "निघते उद्या."

चार वाजून एक मिनिटाने साईट पडली.